सलिलची दुसरी तपासणी

अलिबागच्या लॅबमधून फोन आला तेव्हा सलिल आंघोळीला गेला होता आणि त्याचा मोबाइल ओटीवरच्या झोपाळ्यावर पडून वाजत होता. विश्वंभररावांनी तो उचलला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "राऊत सर का?" आता चौलच्या या आळीत राऊत नसलेला माणूस शोधून काढावा लागेल, तेव्हा ते आपले सरळ म्हणाले, "हो, राऊतच बोलतोय." मग त्या बिचारीने सगळं सांगून टाकलं.

सुचित्राबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहूनच त्यांनी सूप खाली ठेवलं.

"काय झालं हो?"

"मेलेले आहेत म्हणते," विश्वंभरराव म्हणाले. "सगळेच्या सगळे."

"अगो बाई! कोण रे?" वेणूबाईंनी छातीला हात लावला. या विश्वंभररावांच्या थोरल्या भगिनी. दर वर्षी वालाच्या शेंगा भरल्या की रेवसहून माहेरी यायच्या आणि मडक्यात भाजलेली पोपटी खाऊनच परत जायच्या. "कोण गेलं, सांगशील तरी!"

"कुणी गेलं नाही, आक्का. सलिलचं... ते तपासायला दिलं होतं ना, मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशनाआधी सांगितलं म्हणून. त्यात हालचालच नाही म्हणे. म्हणून पुढची ती अँटिबॉडीची तपासणी करताच येत नाही."

वेणूबाईंना अँटिबॉडी कळलं नाही, पण बाकीचं चांगलं कळलं. त्या एकदम गप्प झाल्या. सुचित्राबाईंच्या मनात आलं, आपण लग्न होऊन आल्यापासून ही बाई अशी गप्प झालेली आपण दुसऱ्यांदाच पाहतोय. पण ते सुख फार टिकलं नाही.

"दार लोटून घे गो, सुचित्रे," वेणूबाई हळूच म्हणाल्या. "हे भाईर जाता कामा न्हाय."

"वन्सं, भर दुपारी दार लोटलं तर आळीला वाटेल खरंच कुणी गेलं."

"थट्टा नको. माझं ऐक. सोमवारी भार्गवीचं मुंबईला ऑपरेशन हाय ना? ते होऊ दे. दुर्बिणीचंच तर हाय. दोन टाके. म्हणजे लोक म्हणतील, पोरीत काहीतरी हाय, उपचार चाललेत. सलिलचं नाव यायला नको. पुरुषमाणूस हाय तो. शाळेत शिकवतो. उद्या पोरं हसतील त्याला."

सुचित्राबाईंना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. कालपर्यंत या वन्सं म्हणत होत्या, लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही, सुनेतच दोष आहे म्हणून ऑपरेशन करा. आज कळलं की दोष तिच्यात नसेल, तर म्हणतात, तरीही करा! वर तोंड करून सांगतात, दोनच टाके! त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. विश्वंभरराव भिंतीवरच्या दिनदर्शिकेत काहीतरी शोधत होते.

"अहो, तुम्ही बोला की."

"मी काय बोलू? आक्का अगदीच चूक म्हणते असं नाही. आठ वर्षं लोकांना माहीत आहे ते माहीत आहे. आता नवीन कशाला?"

सुचित्राबाईंचा संताप संताप झाला. तीस वर्षं रेवदंड्याच्या पोस्टात खिडकीवर बसून त्यांनी माणसं हाताळली होती. मोठ्याने बोलायची त्यांना गरज पडत नसे. त्या उठल्या, सूप आत नेऊन ठेवलं आणि येताना म्हणाल्या, "ऑपरेशन भार्गवीच्या पोटावर व्हायचंय. पडवीत बसून आपण ठरवणारे कोण? ती येऊ दे कचेरीतून."

एवढ्यात सलिल टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. तिघांचे चेहरे पाहिले, बापाच्या हातातला आपला मोबाइल पाहिला, आणि त्याला सांगावंच लागलं नाही. मोबाइल घेतला, स्वतः फोन लावला, ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि अंगात सदराही न घालता मागच्या वाडीत निघून गेला. छत्तीस वर्षांचा माणूस, पण पाठमोरा अगदी शाळेत मार खाऊन आलेल्या पोरासारखा दिसत होता.

त्या लगेच त्याच्या मागे गेल्या नाहीत. मुलाला थोडं एकटं सोडावं म्हणून मोरीवर भांडी विसळायला बसल्या. भांड्यांत त्यांचा रुंद तोंडाचा थर्मास होता. झाकण उघडलं तर आत गार पाणी आणि बर्फाचे दोन-चार तुकडे. भर थंडीच्या दिवसांत बर्फ कुणाला हवा होता? वन्संनीही सरबत मागितलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं. थर्मास तसाच हातात घेऊन त्या तरातरा वाडीत गेल्या.

सलिल पाटाच्या कडेला पोफळीला टेकून बसला होता.

"हा थर्मास सकाळी तू नेला होतास?"

"आई, आत्ता भांड्यांचं नको ना."

"नेला होतास का, एवढंच सांग."

"हो. ती बाटली ठेवायला. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. खराब होऊ नये म्हणून बर्फात ठेवली." त्याने मान वर केली. "लॅबच्या बाहेर काढली, रुमालात गुंडाळली आणि दिली."

सुचित्राबाईंनी कपाळावर हात मारला. या किनाऱ्यावरून जे जे मुंबईला जातं ते बर्फातूनच जातं. जिताडा मासा बर्फात, ताडगोळे बर्फात, नातेवाइकांकडे पाठवायची खरवसाची वडीसुद्धा बर्फात. पोराने जन्मभर तेच पाहिलं होतं. बारावीला पदार्थविज्ञान शिकवणारा पोरगा, पण बाटली हातात आल्यावर त्याने चौलच्या माणसाने करावं तेच केलं.

"अरे, जिवंत चीज ना ती? तिला कुणी बर्फात घालतं? अंडी उबवायची तर तू फ्रीजमध्ये ठेवशील का?"

सलिलच्या तोंडून शब्द फुटला, "च्यायला!"

आईसमोर तो असं पहिल्यांदाच बोलला होता. सुचित्राबाईंनी ते ऐकलंच नाही असं केलं. "मला काही खात्री नाही हं," त्या म्हणाल्या. "मी पोस्टातली बाई. डॉक्टरांना विचारायला हवं. पण तोवर कुणाला मेलेलं म्हणायचं नाही."

डॉक्टरांना विचारलं भार्गवीने. ती जिल्हा परिषदेत नोकरीला. संध्याकाळी स्कूटर लावून घरात शिरली, सासूने स्वयंपाकघरात तिला सगळं एका दमात सांगितलं, ऑपरेशनबद्दलची वन्संची सूचनासुद्धा. लपवलं काही नाही. भार्गवीने ते पाणी पीत पीत ऐकलं, पेला पालथा घातला आणि लॅबच्या डॉक्टर आश्लेषाबाईंना फोन लावला. फोनवर हसू ऐकू आलं, पण त्यात कुचेष्टा नव्हती.

"बर्फात?" डॉक्टर म्हणाल्या. "मग कसे हलतील! गारठून सगळी हालचाल थांबते. या तपासणीला हलते शुक्राणूच लागतात. आजचा निकाल विसरून जा. तीन दिवस जाऊ देत. शनिवारी या, पण नमुना इथे लॅबमध्येच द्या. आमच्याकडे वेगळी खोली आहे."

हे ऐकून सलिल पुन्हा अडून बसला. लॅबमध्ये म्हणजे लॅबमध्ये नाही. का? तर तिथे टेबलावर बसणारी मुलगी त्याची विद्यार्थिनी होती.

"तिला मी लेन्सचा धडा शिकवलाय, भार्गवी. तिच्या हातून बाटली घ्यायची, खोलीत जायचं, परत येऊन तिच्याच हातात द्यायची? त्यापेक्षा मी घरूनच नेतो. बर्फ नको तर नको."

भार्गवी ओट्यापाशी उभी होती. सुचित्राबाईंना तिथून निघून जावंसं वाटलं, पण मधे सलिल उभा होता, त्यामुळे जागाच नव्हती.

"सलिल," भार्गवी म्हणाली, "आठ वर्षांत मला किती जणांनी तपासलं, मोजलंयस? मुंबईला त्या मोठ्या दवाखान्यात सहा शिकाऊ डॉक्टर माझ्याभोवती उभे होते. एकाने तर विचारलं, ताई, तुम्ही मागच्या महिन्यातही आला होतात ना? मी ओळख दिली त्याला. तुझी तपासणी याआधी एकदाच झाली, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. संख्या चांगली, चाल चांगली, संपलं. त्यानंतर हे घर गृहीत धरून चाललंय की बिघाड माझ्यातच आहे. मीसुद्धा धरून चालले, हा माझाच मूर्खपणा."

"मी कधी म्हणालो तसं?"

"तू काहीच म्हणाला नाहीस. तेच तर!" तिचा आवाज चढला नाही. "मी शेवटचं सांगते. शनिवारी तू लॅबमध्ये जाशील. नाही गेलास तर सोमवारी मी मुंबईला जाणार नाही, पेणला जाईन, माझ्या आईकडे, आणि परत येणार नाही. मी रंगूवहिनी होणार नाही."

रंगू म्हणजे वेणूबाईंची सून, भिकूची बायको. मूल होईना म्हणून चार वर्षांमागे तिला माहेरी पाठवली. आता ती पोयनाडला भावाकडे राहून अंगणवाडीत काम करायची. तिचं नाव या घरात फारसं कुणी घेत नसे.

सुचित्राबाई सुनेला ओळखून होत्या. ही पोरगी पोकळ धमकी देणाऱ्यातली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा सासूच्या हातचं कालवण पहिल्याच दिवशी खारट म्हणाली होती, आणि ते होतंच खारट. ही गेली तर आपण कुणाशी बोलणार? नवऱ्याशी? त्यांना एकाएकी उमगलं, की नातवंड हवंय, खूप हवंय, पण नातवंडापेक्षा ही हवी आहे.

"सलिल," त्या म्हणाल्या, "त्या मुलीला तू लेन्स शिकवलीस ना? मग ती लेन्सचंच काम करत्येय, मायक्रोस्कोप म्हणजे लेन्सच की. तुला तर अभिमान वाटायला हवा. शनिवारी जायचं. मी येत्येय बरोबर."

"तू कशाला?"

"तू वडखळ नाक्यावरून पळून जाऊ नयेस म्हणून."

अलिबागला जायला वडखळ लागतच नाही, पण त्या क्षणी कुणी ते काढलं नाही. सलिलला हसू आलं, आणि हसला म्हणजे तो येणार.

शनिवारी तो आला आणि खोलीतही गेला. विद्यार्थिनी खरोखर शहाणी निघाली. "नमस्कार सर" म्हणून तिने मान पुन्हा कॉम्प्युटरमध्ये घातली. सुचित्राबाई भार्गवीशेजारी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं रक्तगटांचं चित्र वाचत राहिल्या. तासाभराने डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. दारातून वळून भार्गवी म्हणाली, "आई, तुम्हीही या. घरी जाऊन मला पुन्हा सांगत बसायचं नाही."

सुचित्राबाईंनी सलिलकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

डॉक्टर आश्लेषा चाळिशीच्या, सडसडीत, बोलायला सरळ. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला जोडलेला पडदा तिघांकडे वळवला. पडद्यावर बारीक बारीक जीव वळवळत होते.

"पहिली गोष्ट, मेलेलं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "संख्या छान आहे. जिवंतपणा छान आहे. आता हे गोल ठिपके दिसतात ना, ते मी घातलेले मणी आहेत, डोळ्याला न दिसणारे. शुक्राणू मोकळा असेल तर मण्यांना चुकवून निघून जातो. पण त्याच्या अंगावर अँटिबॉडी बसलेली असेल तर मणी त्याला चिकटतात. बघा."

सुचित्राबाईंनी पाहिलं. एक जीव निघाला होता, त्याच्या डोक्याला दोन मणी. दुसऱ्याच्या शेपटीला मण्यांचं लटांबर. ओढतोय, ओढतोय, पण जागचा फारसा हलत नाही. एखादाच सुटा, तो मात्र सरळ निघून जात होता.

"शंभरातले ऐंशीच्या आसपास चिकटलेले आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "निम्म्याच्या वर गेलं की आम्ही ते मनावर घेतो. सलिल सर, तुमच्या शरीराने तुमच्याच शुक्राणूंना परकं मानलंय. ते जिवंत आहेत, पण अंगावर हे ओझं घेऊन गर्भाशयाच्या तोंडातून वर जायला त्यांना जमत नाही. साध्या तपासणीत हे दिसतच नाही. म्हणून आधी सगळं ठीक आलं."

"कशामुळे झालं?" सलिलने विचारलं.

"कधी जुनी दुखापत, कधी ऑपरेशन, कधी संसर्ग. आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. तुमच्यात मला काही सापडलेलं नाही. कुणाची चूक शोधत बसू नका."

"आणि माझं सोमवारचं ऑपरेशन?" भार्गवी.

"आधी एकदा दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा सगळं नीट होतं ना? मग पुन्हा कशाला? तुमच्या मुंबईच्या डॉक्टरांना हा निकाल दाखवा. तेही थांबा म्हणतील असं मला वाटतं." डॉक्टरांनी पडदा बंद केला. "रस्ते आहेत. शुक्राणू धुऊन थेट गर्भाशयात सोडता येतात. ते जमलं नाही तर एकच निवडून बाहेर बीजात घालायचा. त्यात इंजेक्शनं मात्र भार्गवी, तुम्हालाच घ्यावी लागतील, हे आत्ताच सांगते. खात्री कुणीच देणार नाही. पण आता आपण अंधारात चाचपडत नाही आहोत."

भार्गवीने पदराने डोळे पुसले. सुचित्राबाईंना वाटलं ती रडतेय, पण ती म्हणाली, "इंजेक्शनांचं काही नाही हो. कशासाठी घेतेय ते माहीत असलं की झालं."

परतताना सुचित्राबाई गाडीत मागच्या सीटवर बसून आठ वर्षं मोजत होत्या. प्रत्येक दवाखान्यात आपण हिच्याबरोबर गेलो, हात धरला, डबा नेला, आणि चांगली सासू म्हणून स्वतःवर खूश राहिलो. पण मुलाला एकदाही म्हणालो नाही, अरे, तूही पुन्हा जाऊन ये. त्यांना स्वतःची फार चीड आली.

घरी पोपटीची तयारी सुरू झाली होती. वाडीच्या मोकळ्या कोपऱ्यात मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घातलेला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. वेणूबाईंचा भिकू आईला न्यायला दुपारीच रेवसहून आला होता आणि मडक्याचं तोंड पाल्याने गच्च बंद करत होता. चाळिशी उलटलेला, अबोल माणूस. मडकं उलटं ठेवून, भोवती नारळाचे सुके झाप रचून त्याने ते पेटवलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आळीतली चुलतघरची मंडळी येऊन बसली होती.

वेणूबाईंनी सुचित्राबाईंना बाजूला ओढलं. "काय निघालं?"

सुचित्राबाईंनी थोडक्यात सांगितलं.

"म्हणजे त्याच्यातच! बघ, मी म्हटलं न्हवतं? आता तोंड मिटून बसा. इलाज करा, गुपचूप करा. पोर झालं की कोण विचारतंय? आणि तोवर नाव भार्गवीचं हाय ते राहू दे. तिला सवय हाय."

"सवय आहे, वन्सं?" सुचित्राबाई म्हणाल्या. "चटका बसायची कुणाला सवय होते का? मी हे चालू देणार नाही. आत्ता सगळ्यांसमोर सांगते."

त्या निघाल्याच होत्या, तर भार्गवीने त्यांचा दंड धरला. सगळं ऐकलं असावं तिने. "आई, तुम्ही नाही. हे तुम्ही सांगायचं नाही, मीही नाही."

दोघी तिथेच उभ्या राहिल्या. जाळ विझला, भिकूने काठीने मडकं बाहेर लोटलं, पाला काढला आणि वाफेबरोबर भांबुर्ड्याचा वास वाडीभर पसरला. केळीच्या पानांवर शेंगा ओतल्या गेल्या. विश्वंभररावांच्या चुलतभावजय शेंग सोलता सोलता नेहमीच्या गोड आवाजात म्हणाल्या, "भार्गवी, सोमवारी जायचं ना गं ऑपरेशनला? या खेपेला तरी गुण येऊ दे बाई."

भार्गवीने सलिलकडे पाहिलं. विश्वंभरराव घाईघाईने म्हणाले, "अंडी घ्या, अंडी घ्या, गार होतील."

"ऑपरेशन नाही, काकी," सलिल म्हणाला. तो उभा राहिला, मग उभं राहणं त्याला जरा जास्त वाटलं असावं, म्हणून पुन्हा बसला. "भार्गवीत काही दोष नाही. कधीच नव्हता. अडचण माझ्यात आहे. आज तपासून आलो. माझंच शरीर माझ्या शुक्राणूंच्या विरुद्ध गेलंय. त्यावर उपाय आहेत, ते आम्ही करणार. आजवर तुम्ही तिला जे बोललात ते मी ऐकून घेतलं, ती माझी चूक. यापुढे जे बोलायचं ते मला बोला."

एवढं लांब तो वर्गाबाहेर कधी बोलला नव्हता. काकींच्या हातातली शेंग हातातच राहिली. विश्वंभररावांनी मान खाली घातली. पण मग उठले, एक अंडं सोललं आणि सुनेच्या पानावर नेऊन ठेवलं. सुचित्राबाईंना रडूच फुटलं. त्यांनी ते लपवलं नाही, डोळ्यांत धूर गेला असंही म्हणाल्या नाहीत.

मग भिकू बोलला. इतका हळू, की आधी कुणाला कळलंच नाही.

"काय म्हणालास, भिकूदादा?" सलिलने विचारलं.

"कुठंशी हाय ती लॅब?"

"तुला कशाला रे?" वेणूबाई तटकन म्हणाल्या.

भिकूने आईकडे पाहिलं. हात राखेने काळे झाले होते, ते त्याने मांडीवर पुसले. "आई, रंगूला आपण पाठवली तेव्हा तपासणी कुणाची झाली होती?"

"तिचीच. दोनदा. डॉक्टर म्हणाला ठीक हाय, पण डॉक्टर काय..."

"आन् माझी?"

सगळी आळी वेणूबाईंकडे पाहत होती. त्यांनी पदर सारखा केला, सुचित्राबाईंकडे पाहिलं, विश्वंभररावांकडे पाहिलं, पण या खेपेला कुणी त्यांच्या बाजूने बोललं नाही.

"मी काय तिला हाकलली न्हाय," त्या म्हणाल्या. "नवी साडी नेसवली, ओटी भरली, गाडी करून दिली. चांगली मानानं पाठवली तिला. तू बघितलंस ना, भिकू? मानानं पाठवली."

"बघितलं," भिकू म्हणाला. मग तो सलिलकडे वळला. "सोमवारी येशील माझ्याबरोबर?"

"येतो," सलिल म्हणाला.